पुढं जीप, मागं बॉयलर

१२ फेब्रुवारी १९७६

कागदा, काल कुठवर आलतो आपण? न्हाय ना आठवत? माझी सत्तरी उलटली तरी माझ्या ध्यानात हाय, आणि तू एवढा कोरा करकरीत असून विसरलास! ऐक परत. आणि नजीरा, आज्जी बोलती तेवढंच लिही. मधी तुझं शहाणपण घालू नको.

माझा सिकंदर जीप चालवतो. त्याला नवं काम आलंय. कोडोलीच्या पल्याड साखर कारखाना उठतोय, त्याचा बॉयलर मोठ्या ट्रेलरवरनं आमच्या गल्लीतनं जाणार. आणि सिकंदर त्याच्या पुढं चालणार — रिकामी जीप घेऊन! मी म्हटलं, "भरलेली गाडी मागं, आणि भाडं रिकामीला?"

म्हणतो, "अम्मा, ह्याला पायलट म्हणत्यात. एवढा रुंद माल रस्त्यावर आणायचा तर पुढं गाडी लागतीच. लाल निशाण, वर मालाच्या उंचीचा बांबू. बांबू अडला तर माल अडणार."

विमान न्हाय, काय न्हाय — आणि पायलट! मला काय कळलं न्हाय. पण हे नीट पार पडलं तर कारखाना त्याला कायमचा ठेवणार, एवढं कळलं.

१४ फेब्रुवारी

आज बिनमालाची फेरी. जीपवर बांबू उभा, टोकाला लाल फडकं, चाल मुंगीची, मागं सगळं गाव. गल्लीतल्या तानाबाईनं पाण्याची घागर आणली, चाकापुढं वतली आणि हात जोडलं! मोहरमला पीराच्या पंजाम्होरं पाणी घालत्यात तसं. मी कट्ट्यावरनं ओरडले, "अगं तानाबाई, पीर जाऊन महिना झाला. हा माझा सिकंदर हाय!"

"असू दे की चाची! निशाण दिसलं, पाणी घातलं. पुण्य काय वाया जातंय व्हय?"

सिकंदर वळून हसला. लई दिसांनी.

१५ फेब्रुवारी

गल्लीभर गेरूच्या रेघा! सिकंदर टेप घेऊन फिरतोय. मालाच्या रुंदीत जे येतंय त्याच्यावर रेघ. रेघ पडली की तेवढं काढायचं, मागनं कारखाना बांधून देणार म्हणे. पिराजीच्या सायकल दुकानाची फळी गेली, केरबाची पायरी गेली, तानाबाईच्या न्हाणीची भिंत गेली.

आमच्या कट्ट्याला रेघ न्हाय. माझ्या मालकांनी स्वतःच्या हातानं बांधलेला कट्टा. ते गेले, पण दगड दुपारचा अजून पाठीला गार लागतो. मी सुनेला म्हटलं, "सुगरा, आपला कट्टा नशीबवान बघ!" ती भाकरी थापत होती. हात थांबला. मग तव्याकडं वळली.

१६ फेब्रुवारी

सिकंदर घरी जेवायला आला न्हाय. जीपमध्येच बसून हाय. का?

१७ फेब्रुवारी

डोकं भिरभिरलंय माझं. सिकंदर म्हणतो, माल गल्लीनं न्यायचाच न्हाय, लांबच्या रस्त्यानं न्यायचा. कारखान्याचा साहेब म्हणतो, तिकडचा पूल वजन घेणार न्हाय, उद्या इथनंच. तुला जमत नसेल तर दुसरा पायलट बघतो. सुगरा म्हणते, काम सुटलंच म्हणा. पिराजी माझ्याकडं बघून तोंड फिरवतो. मग बॉयलर जाणार कुठनं? उडत? म्हणूनच पायलट म्हणत असतील!

शेवटी तानाबाईनं गुपित फोडलं. "चाची, तुला म्हणून सांगते. समद्यांच्या दारात त्यानं रेघ वढली. तुझ्या दारात आला, टेप लावला, गेरू खिशात घातला आणि गेला. तुझा कट्टा मालाच्या रुंदीत हातभर येतोय. माझी न्हाणी पडली आणि कट्टा तसाच. गल्ली बोलणार न्हाय व्हय?"

हातभर! आणि मी त्याच्यावरच बसून दुसऱ्यांच्या रेघा बघत होते.

१८ फेब्रुवारी

सकाळी चुलीपाशी गेरू कालवला, बोटं बुडवली. मला अक्षर येत न्हाय, रेघ येती. कट्ट्याच्या ह्या टोकापास्नं त्या टोकापर्यंत वढली. केरबा पहार घेऊन आलाय, ठोकतोय. ऐकू येतंय ना, कागदा?

नजीरा, पुरे झालं लिहिणं. जीपकडं पळ. तुझ्या बाला दोन भाकरी आणि खर्डा दे — तेल वरनं जास्त सोड, कांदा फोडून दे — आणि सांग, अम्मानं पाठवलंय.