पुसण्याचे बटण

लोणी, मंगळवार, सायंकाळ

मी, सोपान धोंडिबा, वय चौऱ्याहत्तर, शिक्षण इयत्ता चौथी, आमच्या शेतमाल कंपनीचा अध्यक्ष, येथे नमूद करतो की संगणक विभागातील आपसातल्या चर्चेसाठीचे सॉफ्टवेअर आज मी निश्चित केले.

विक्रेत्याने दाखविलेल्या सॉफ्टवेअरमध्ये अध्यक्षाला कोणाचेही लिखाण पुसण्याचे बटण होते. ते बटण मला पसंत पडले होते. विभागप्रमुख सुनंदा म्हणाली, "अण्णा, ते बटण असंल तर पोरं खरं काय लिवणार न्हाईत. मंग बिघाड झाला तरी तुमाला समद्यात शेवटी कळंल, राव."

राव! मला! परंतु गावच्या बैठकीत बोलायला उभ्या राहिलेल्या माणसाला आम्ही कधी खाली बसविले नाही. मग येथे ते बटण कशाला? तिने निवडलेले, बटण नसलेले सॉफ्टवेअर घेतले. "लिही पहिली तक्रार," मी म्हणालो.

तिने तत्काळ लिहिले: "सर्व्हरच्या थंड खोलीतून अध्यक्षांची बटाटा बियाण्याची पोती हलवावीत."

राग आला. पण खोटे काय आहे त्यात? लिखाण राहील. पोती उद्या सकाळी हलतील, मी स्वतः उभा राहून हलवीन.

समक्ष हजर: सुनंदा, तसेच माझी पत्नी सरूबाई, जी अद्याप हसत आहे.