डावीकडे ओढणाऱ्या ट्रकविषयी व्याहीबुवांस

रा. रा. व्याहीबुवा यांच्या सेवेशी,

साष्टांग नमस्कार. (हा शब्द लोक पत्रात उगाच लिहितात, मी नाही. गेल्या रविवारी मी खरोखरच आठही अंगं जमिनीला टेकवून आलो आहे. फरक इतकाच की मी उताणा होतो आणि वर देवाच्या जागी आपल्या चिरंजीवांचा ट्रक होता.) इकडे सगळे खुशाल, म्हणजे हे पत्र लिहीपर्यंत तरी. आपला गुडघा काय म्हणतो? विहीणबाई सांगत होत्या की डॉक्टरांनी गुडघ्याची झीज सांगितली, तर आपणच डॉक्टरांना समजावून सांगितलंत की झीज गुडघ्यात नसून चपलेत आहे. ऐकून धन्य वाटलं. चाळीस वर्षं गाड्यांच्या पोटात हात घातलेल्या माणसाने स्वतःच्या गुडघ्यासाठी दुसऱ्याच्या तोंडाकडे का बघावं?

फोन न करता पत्र का, असं आपण विचाराल. फोनवर आपण बोलायचं आणि मी "हो, हो" म्हणायचं अशी आपली जुनी वाटणी आहे. लग्न ठरलं तेव्हापासून ती मी इमानाने पाळली. पण पत्राचा एक फायदा असतो, त्याला मध्येच "ते सोडा, मी सांगतो" असं म्हणता येत नाही. (म्हटलंत तरी मला ऐकू येणार नाही.)

तर मुद्दा असा की ट्रक डावीकडे ओढतो. तीन आठवड्यांपूर्वी खाणीच्या फाटकापाशी पाणी साचलेल्या खड्ड्यात त्याचं पुढचं डावं चाक आदळलं, तेही पाठीवर पूर्ण खडी असताना. तेव्हापासून हे सुरू आहे. जावईबापू म्हणाले, थोडंसं ओढतो. मुलगीही म्हणाली, थोडंसं. (संसारात "थोडंसं" हा शब्द केवढा मोठा असतो ते आपण जाणताच.) म्हणून कापडाचे तागे आणायचं निमित्त काढून मी एक दिवस शेजारी बसून गेलो. व्याहीबुवा, सरळ रस्त्यावर ट्रक सरळ जावा म्हणून आपले चिरंजीव स्टेअरिंग उजवीकडे इतकं पिळून धरतात, की नुसते त्यांचे हात बघितले तर समोर मोठं वळण आलंय असं वाटावं. समोर वळण नव्हतं. समोर खाणीचा उतार होता आणि डावीकडे काहीच नव्हतं, म्हणजे जमीनसुद्धा नव्हती. मी विचारलं, हे असंच चालायचं का? ते म्हणाले, "सवय झालीय." मी पायाखाली ब्रेक शोधत होतो. शिवणयंत्राला पायाने दाबायचं पेडल असतं, ट्रकात शेजारच्या माणसाला ते देत नाहीत, ही किती मोठी चूक आहे हे मला त्या दिवशी कळलं.

आता आपण फोनवर केलेल्या निदानाकडे वळतो. आपण प्रथम सांगितलंत की टायरात हवा कमी असणार. हवा बघितली, चोख होती. मग आपण फोन चाकाजवळ धरायला लावलात. मी धरला. ट्रक बंद होता, तरी आपल्याला आवाज आला (याला म्हणतात अनुभव), आणि आपण सांगितलंत की डावं टायर खराब आहे, उजव्याशी अदलाबदल करा. केली. त्यातली युक्ती मला नंतर कळली आणि फार आवडली: दोष टायरात असेल तर ट्रकाने आता उजवीकडे ओढायला हवं. ट्रक डावीकडेच ओढत राहिला. दुसरा एखादा माणूस म्हणाला असता की बरं, टायर सुटले कचाट्यातून. पण आपण क्षणभरही विचार न करता म्हणालात, "मग दोन्ही टायर खराब!" मी "हो" म्हणालो. करार तो करार.

मग जावईबापूंनी ट्रक आपल्या चेल्यांना दाखवला. चेल्यांनाच दाखवला, कारण या गावात पाना हातात धरणारा प्रत्येक माणूस आपण इथे असताना आपणच घडवलेला आहे आणि आपलं नाव निघालं की उभ्याउभ्याच कानाच्या पाळीला हात लावतो. पहिला चेला, चाकं जुळवणारा. त्याच्याकडे आता कॉम्प्युटर आहे. पडद्यावर हिरव्या-तांबड्या रेघा, चाकांना लावलेले आरसे, असा थाट की चाकाचा फोटो काढून ठेवतील असं वाटावं. दोन तास खाटखूट झाली आणि स्टेअरिंग अगदी नाकासमोर सरळ झालं. आम्ही आनंदाने निघालो आणि पहिल्याच विजेच्या खांबाकडे वळलो. पठ्ठ्याने केलं काय होतं? स्टेअरिंगचं चाक दांड्यावरून उपसलं आणि सरळ करून परत बसवलं! म्हणजे चाक सरळ, ट्रक वाकडाच. (आमच्या धंद्यात याला काज सरकवून बटण लावणं म्हणतात आणि असं करणाऱ्याला दुकानातून हाकलतात.) दुसऱ्या चेल्याने पुढचं चाक जॅकवर उचललं, वरखाली धरून गदागदा हलवलं आणि सांगितलं की चाक ज्या खुंटीवर वळतं ती किंगपिन ठणठणीत आहे, सांधेही घट्ट आहेत. मग म्हणाला, "तरी बदलून टाकू, उस्तादांचा ट्रक आहे." बदलली. ट्रक डावीकडे. त्याला बिचाऱ्याला खड्डा काय, किंगपिन काय, सगळं सारखंच.

तिसरा चेला म्हणजे कमानपाटेवाला, चाकांवर गाडीचं ओझं पेलणाऱ्या पोलादी पट्ट्या बसवणारा. तो मात्र ट्रकला हात न लावता नुसता लांब उभा राहिला, एक डोळा मिटून पुढून बघितलं, मागून बघितलं आणि चहा पितो म्हणून निघून गेला. तो परत आलाच नाही. मला नवल वाटलं. मागाहून कळलं की ट्रकचे पुढचे कमानपाटे मागच्या वर्षी आपण स्वतः बसवले आहेत, स्वतःच्या हाताने बोल्ट आवळले आहेत, आणि निघताना सगळ्यांसमोर बजावलं आहे की याला कुणी पाना लावायचा नाही. त्यामुळे या गावात ट्रकचं निदान करायचं म्हणजे कमानपाटे सोडून बाकी सगळीकडे बघायचं, असा नियम झाला आहे. घरात चोर शिरला आणि मालक म्हणाला की देवघर सोडून सगळीकडे शोधा, तर चोर कुठे बसेल, ते मी सांगायला नको.

मी शिंपी माणूस. ट्रकातलं मला ओ की ठो कळत नाही, हे जावईबापूंनी मला तीनदा (तिन्ही वेळा नम्रपणे) सांगितलं आहे. पण सदरा अंगावर एका बाजूला ओढायला लागला तर मी कॉलर बदलत नाही. मी दोन्ही खांद्यांची मापं घेतो. रविवारी जावईबापू आंघोळीला गेले तेव्हा मी आणि मुलगी बाहेर गेलो. शिलाईची जाड दोरी घेतली. उजवीकडे पुढच्या चाकाच्या मधोमध मुलीने एक टोक धरलं, मागच्या चाकाच्या मधोमध मी दुसरं, आणि गाठ मारली. तीच दोरी डावीकडे लावली. दोरी सैल पडली. मी म्हटलं, नीट धर. ती म्हणाली, "बाबा, नीटच धरलीय." तीनदा मोजलं. तीन बोटं, व्याहीबुवा! डावीकडचं पुढचं चाक मागच्या चाकापासून जितकं लांब हवं त्यापेक्षा तीन बोटं जवळ आलं आहे. ट्रकची एक बाजू दुसरीपेक्षा आखूड आहे. असा सदरा मी शिवला असता तर गिऱ्हाईकाने माझ्या डोक्यावर फेकला असता.

मग मी ते सुरुवातीला सांगितलेलं साष्टांग घातलं. खाली जाऊन बघतो तर चाकांचा आडवा दांडा जिथे कमानपाट्यांखाली बसतो, तिथे लोखंडावर एक चकचकीत पट्टा, बरोबर तीन बोटं रुंद, म्हणजे दांडा तेवढा मागे घसरलेला. दांडा हलू नये म्हणून मधोमध जो बोल्ट असतो, त्याचं डोकं एकीकडे आणि धड दुसरीकडे. आणि पाटे दांड्याला आवळून धरणारे ते मोठे वाकडे बोल्ट आहेत ना, त्यातल्या एकाची चाकी, म्हणजे नट, मी हाताने फिरवून बघितली. फिरली. हाताने, व्याहीबुवा! ज्या हाताला हल्ली सुईत दोरा ओवायला चष्मा लावूनही दोनदा लागतं, त्या हाताने. मी ती परत आवळली, म्हणजे आवळल्यासारखं केलं, आणि पाठीला ग्रीस घेऊन सरपटत बाहेर आलो.

कमानपाटेवाल्याला गाठून विचारलं. त्याने आधी आजूबाजूला बघितलं आणि मग हळूच म्हणाला, "काका, खड्ड्यात आदळून मधला बोल्ट गेलाय. पाटे बसवल्यावर भरलेल्या गाडीच्या चार फेऱ्या झाल्या की ते बोल्ट परत आवळायचे असतात. पण मी म्हणालो असं उस्तादांना सांगू नका." आपल्या चिरंजीवांना मी सांगितलं तर त्यांचं एकच वाक्य: "अण्णांनी आवळलेलं ढिलं होत नाही." बाकी काही नाही. हट्ट नाही, रागही नाही. बापावर एवढा विश्वास असलेला मुलगा आजकाल कुठे बघायला मिळतो? मला तर कौतुकच वाटलं असतं, पण बाजाराच्या दिवशी त्याच्या शेजारच्या सीटवर माझी मुलगी बसते.

खडी फोडायचं यंत्र बिघडलं म्हणून हा आठवडाभर ट्रक दारात उभा आहे. देवाची कृपा म्हणा नाहीतर यंत्राची. येत्या सोमवारी खाण सुरू होते. खरं सांगतो, मला भीती वाटते. मुलगी काल भांडी घासता घासता म्हणाली, "तुम्ही दोघं म्हातारे एकमेकांची मनं सांभाळत बसा, मी उतारावरून तो खाली येईपर्यंत दारात उभी राहते." तिचं वाक्य जसंच्या तसं आपल्याकडे पाठवतो आहे. उत्तर आपण द्यावं.

बाकी सर्व ठीक. विहीणबाईंना नमस्कार. गुडघ्याला जपावे, आणि चपलेलाही.

आपला आज्ञाधारक (फोनवर तरी),
शिंपी व्याही

ता. क. वरचं सगळं वाचून आपल्याला राग आला असेल तर खुशाल यावा. पण निदान आपलं आहे असंच समजा. दोरी लावायची युक्ती आपणच मला पूर्वी कधीतरी सांगितली होती आणि दोष सगळा खड्ड्याचा आहे, असं मी चारचौघांत सांगायला तयार आहे. कमानपाटेवाल्यालाही पढवून ठेवलं आहे. मुलगीही "हो" म्हणाली. श्रेय आपलं, मला नको. माझं दुकान त्याच्याशिवाय चालतं.

ता. क. दुसरा. ट्रकची किल्ली गेल्या सोमवारपासून सापडत नाही. जावईबापूंनी घर पालथं घातलं. ती मी एका गिऱ्हाईकाच्या कोटाच्या अस्तरात शिवून ठेवली होती. काल दुपारी मी जेवायला गेलो असताना गिऱ्हाईक तो कोट घेऊन मुलाखतीला गेलं. (नोकरी लागली तर तो कोट ते रोज घालणार, मग किल्ली गेलीच समजा.) म्हणजे आता दुसरी किल्ली तेवढी उरली, आणि ती आपल्या कपाटात आहे हे जावईबापूंना पक्कं आठवतं.

ता. क. शेवटचा. हे पत्र जावईबापूच घेऊन आले आहेत. ख्यालीखुशालीचं पत्र आहे असं मी सांगितलंय, पण पाकीट दुहेरी टाके घालून बंद केलंय, ते तेवढ्यासाठी. आत्ता ते तुमच्यासमोर उभे असतील, चपलाही काढल्या नसतील, परतीची गाडी गाठायची घाई असेल. त्यांना आधी बसवा. किल्ली देऊ नका. त्यांच्याबरोबर तुम्ही स्वतः या आणि तो तुमचा मोठा पाना आणा. तुम्ही आवळलेला बोल्ट उघडायची या गावात कुणाची छाती नाही, आणि मला तर तेवढी ताकदही नाही.