खटका एक घर वर

७ मे, मंगळवार
लिही गं नाती, आजी सांगते तसं. संध्याकाळ झाली की लोकांचे पंखे, पंप आणि समोरच्या लाकडाच्या वखारीची करवत, सगळं एकदम सुरू. आमचा दिवा मिणमिणतो आणि ह्यांचं श्वासाचं यंत्र कोकलायला लागतं. वीज पुरत नाही म्हणे! नळी नाकात, हवा नाही. हे माझ्याकडे बघतात — जशी काही वीज मीच पदराखाली लपवलीय.

९ मे
वायरमनला कोपऱ्यावर गाठलं. खांबावरच्या त्या ट्रान्सफॉर्मरात शिजतं तरी काय रे?

"आजी, वरच्या तारेत अकरा हजार व्होल्ट. पेटीत तारेची दोन वेटोळी. एकाला फेरे पुष्कळ, दुसऱ्याला थोडे. त्या थोड्यांतून उतरलेली वीज तुमच्या घरी. एकाची तार दुसऱ्याला लागत नाही, तरी पोचते."

म्हटलं, हे तर माझं नि सूनबाईचं! — हे लिहू नकोस. लिहिलंस ना, चोंबडे?

"मग जरा कमी उतरव की, बाबा." आत खटका असतो म्हणे, एक घर वर केला की गल्लीला जोर येतो. "पण वखार बंद असली की फार चढेल, आजी. यंत्राला आधी स्टॅबिलायझर लावा."

मुलगा म्हणाला, "सोमवारी आणतो." मी कुठली थांबतेय! वायरमनच्या मागेच लागले.

१० मे
फिरवला खटका. दिवा लख्ख, यंत्र गप्प! हे पोटभर जेवले. वर मला म्हणतात, "आज बरी दिसतेस." म्हटलं, उजेडाचा गुण आहे, फसू नका.

१२ मे, रविवार
लिही. हात थांबवू नकोस.

वखारीला सुट्टी. कुणाच्या ध्यानातच आलं नाही! दुपारी पंखा भणाणला, यंत्रात फट् झालं, जळका वास. घरात होता तो ऑक्सिजनचा लहान सिलेंडर सूनबाईने लावला. दुसऱ्यासाठी मुलगा धावलाय. फोनवर म्हणतो, "सगळं बंद आहे गं आई, पुढे जाऊन बघतो."

मी नुसती पदराने वारा घालतेय. पदराच्या वाऱ्याने काय होणार! आकडे मला येत नाहीत. पण सिलेंडरचा काटा पडतोय, तेवढं कळतं.

१६ मे
वायरमन दारात. मान खाली. "आजी, खटका परत खाली करू?"

कर, बाबा. आता आमच्याकडे नुसते दिवेच लागतात.