वजन कुठल्या पायावर

३ मार्च, सोमवार

आज चित्रकलेच्या क्लासात पुन्हा फजिती. तीस सेकंदांत अख्खा माणूस काढायचा, आणि माझा नुसता कान होतो! बाई म्हणाल्या, "तुम्ही कवळ्या बनवता ना? दिसतंच आहे. एकेक दात मोजताय." सगळे हसले. मीही हसले, काय करणार.

बाईंचं म्हणणं : बाहेरची कड विसरा. नाक-डोळे विसरा. माणूस काय करतोय ते काढा. वाकतोय? ताणतोय? कशाला रेलतोय? मानेपासून टाचेपर्यंत एक रेघ, तीही खांद्यातून हात फिरवून. मनगट हलवायचं नाही म्हणे. बावीस वर्षं मी मनगटावरच पोट भरतेय!

आत्तापर्यंत आम्हीच आळीपाळीने उभे राहायचो. गुरुवारी खरा मॉडेल येणार आहे.

६ मार्च, गुरुवार

दादा.

७ मार्च, शुक्रवार

काल पुढे लिहवलं नाही.

मॉडेल म्हणून दादा आला. माझा सख्खा भाऊ. नऊ वर्षांनी! हाफ पँट, बनियन, अनवाणी. चौथऱ्यावर चढला, बाईंनी टायमर लावला. त्याने मला पाहिलं. मी त्याला. त्याचा चेहरा जराही हलला नाही. दोन्ही हात डोक्यावर नेले आणि दगडासारखा उभा राहिला.

मॉडेलने बोलायचं नसतं. काढणाऱ्यांनीही नाही. दोन तास! कोळशाची कांडी तीनदा मोडली. घरी येऊन कागद पाहिले तर एकाही माणसाला पाय नाहीत.

इथे तरी लिहून टाकते. नऊ वर्षांपूर्वी स्कूटरवर पुढे तो होता, मागे बाबा. वळणावर समोरून ट्रक. बाबा दोन दिवसांनी हॉस्पिटलातच वारले. त्याचा डावा पाय मोडला. प्लास्टर घालून घरी आला तेव्हा मी दारातच म्हणाले, "तू मारलंस बाबांना." एवढंच. प्लास्टर निघालं त्याच आठवड्यात तो घर सोडून गेला.

तेव्हापासून घरात त्याचं नाव निघत नाही. आई कधीतरी गॅलरीत जाऊन फोनवर हळू बोलते. मी विचारत नाही. ती सांगत नाही.

१० मार्च, सोमवार

जायचं नव्हतं. गेले.

बाई मागे येऊन उभ्या राहिल्या. "मॉडेल तिकडे आहे. तुम्ही कागदालाच डोळे लावून बसलात." मग खाली वाकून, "बाकीच्यांची माणसं उभी आहेत हो. तुमची दोरीवर वाळत घातल्यासारखी! वजन कुठल्या पायावर आहे? ते आधी बघा. गळ्याच्या खळगीतून सरळ खाली रेघ सोडा. ती ज्या पायावर पडेल, त्या पायावर माणूस."

खळगीपर्यंत आले. तिथून खाली बघवेना.

शेजारचा दाढीवाला कुजबुजला, "ओळखीचे आहेत का तुमच्या?" "नाही," म्हणाले. हॉल केवढासा तो. दादाने ऐकलं असणार.

१३ मार्च, गुरुवार

क्लास बुडवला. आईला सांगितलं, डोकं दुखतंय.

दुपारी लॅबमध्ये खालची कवळी हातातून निसटली. दोन तुकडे! बावीस वर्षांत पहिल्यांदा. डॉक्टर रागावले नाहीत. "ताई, तब्येत बरी आहे ना?" एवढंच विचारलं. रागावले असते तर बरं झालं असतं.

संध्याकाळी आईला समोर बसवून काढत होते. भाजी निवडत होती. "आहे तशी राहा," म्हटलं तर पुतळाच झाली! मान ताठ, हात मांडीवर, पासपोर्टच्या फोटोला बसल्यासारखी. चार कागद फुकट. मग ती कंटाळली, विसरली, गुडघ्यावर हात रोवून उठायला लागली. तेवढ्यात एक रेघ मारली. एकच! आणि त्यात आई होती. ती "अगं आई गं" म्हणत उठते ना, ते सगळं त्या रेघेत.

१७ मार्च, सोमवार

आज दोन-दोन मिनिटांच्या पोझेस. बाई त्याला म्हणाल्या, "कसं उभं राहायचं ते तुम्हीच ठरवा." त्याने माझ्याकडे पाठ केली.

मुद्दाम केली. माझी सोय केली.

पाठ बघता येते. पाहिलं. सगळा भार उजव्यावर. उजवं कंबरेचं हाड वर चढलेलं, त्याच बाजूचा खांदा खाली उतरलेला. पाठीचा कणा त्या दोघांमधून वाट काढत वळत गेलेला. डावा पाय नुसता ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा. पोटरी वाळली आहे. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत टाक्यांचा वण.

हात आपोआप खांद्यातून फिरला. शेवटच्या काही सेकंदांत तो चांगला पाय थरथरायला लागला. बस म्हणून ओरडावंसं वाटलं! तो हलला नाही. टायमर वाजेपर्यंत नाही.

बाई मागे किती वेळ होत्या कोण जाणे. "हं," म्हणाल्या. बाईंचं "हं" म्हणजे काय ते वर्गातल्या कुणालाही विचारा. पण मला आनंद झालाच नाही.

२० मार्च, गुरुवार

मधल्या सुट्टीत तो नळापाशी पाणी पीत होता. गेले. नऊ वर्षं मनात काय काय जुळवून ठेवलं होतं, आणि तोंडातून निघालं, "पाय दुखतो?"

"उभं राहिलं की."

"मग उभं राहायचंच काम कशाला धरलंस?"

"बाकीच्या कामांत हलावं लागतं." हसला. मला हसू आलं नाही.

"आई बरी आहे?"

"तुला माहीत आहे की. फोन करतोस ना."

तो नळ घट्ट करत बसला. आधीच बंद होता तो.

"दादा, त्या दिवशी दारात मी जे बोलले—"

"ठकू, टायमर वाजला."

वाजला नव्हता! शपथेवर सांगते, वाजला नव्हता.

नंतर तीस सेकंदांची वीस चित्रं केली. अठरा टाकाऊ. दोन उभी आहेत, आपापल्या पायांवर.

२४ मार्च, सोमवार

तो आला नाही. चांगला पाय सुजलाय म्हणे, डॉक्टरांनी आराम सांगितलाय. बाईंकडे पत्ता मागितला. "मॉडेलचा पत्ता मी कुणाला देत नाही," म्हणाल्या. मग माझ्याकडे नीट पाहिलं. "कोण आहेत ते तुमचे?"

"भाऊ," म्हणाले. मोठ्याने. दाढीवाल्याने मान खाली घातली.

तरी पत्ता मिळाला नाही. "त्यांना विचारून सांगते," म्हणाल्या. आता थांबायचं? मला थांबवत नाही. उद्या आईशी बोलणार. माझा शब्द मलाच परत घ्यायला हवा, त्याला कितीही उशीर झाला असला तरी.

२५ मार्च, मंगळवार

चित्रांची वही आईपुढे ठेवली. हात पुसून तिने पानं उलटली. पाठीच्या चित्रावर थांबली. कुणाचं, ते विचारलं नाही.

मी म्हणाले, "मला त्याची माफी मागायचीय. गाडी चालवताना चूक कुणाचीही होते."

आई वहीकडेच बघत होती. "गाडी तो चालवतच नव्हता. ह्यांना डॉक्टरांनी मना केलं होतं, डोळ्यांमुळे. तरी हट्टाने हेच बसले पुढे. जायच्या आधी हॉस्पिटलात ह्यांनीच मला सांगितलं. पोलिसांना त्याने आधीच सांगून टाकलं होतं, मी चालवत होतो म्हणून. ह्यांच्यावर यायला नको म्हणून. आणि मग तू दारात तसं बोललीस... तर मला म्हणाला, राहू दे आई, तिला नको सांगूस. तिचे बाबा तिच्यापाशी आहेत तसे राहू देत."

"आणि तू गप्प बसलीस?"

"बसले."

पत्ता आईने तोंडपाठ सांगितला. चप्पल घातली आहे. दारातच उभी राहून लिहितेय.