फुलबॅकने पुढे चालावे

मी, ट्रॉय विल्फ्रेड तुस्कानो, वय तेवीस, मूळचा वसईचा, राहणार अल मनखूल, दुबई, मनखूल रेडर्स या अमेरिकन फुटबॉल क्लबचा माजी रनिंग बॅक, जर्सी नंबर बत्तीस, हे मृत्युपत्र कोणाच्याही दबावाखाली न येता लिहीत आहे. डोकं ठिकाणावर आहे. फक्त तापलेलं आहे, आणि कायद्याची त्याला हरकत नसावी.

उद्या सकाळी माझ्या उजव्या गुडघ्याचं दुसरं ऑपरेशन आहे. भूल देणारे डॉक्टर म्हणाले, "डोंट वरी, धोका लाखात एखाद्यालाच." आजवरचा अनुभव असा की तो एखादा मीच असतो.

१. डॅडींना माझं कॉलेजचं आयडी कार्ड द्यावं. दुसऱ्या वर्षाच्या मध्यात कॉलेज सोडून मी पूर्णवेळ खेळायला लागलो, तेव्हा ते म्हणाले होते, "दुबईत राहून अमेरिकन फुटबॉल? मग अमेरिकेत जाऊन कबड्डी खेळ." समोरच्याला हुलकावणी द्यायची माझी सगळी विद्या वसईच्या मे महिन्यातल्या कबड्डीचीच होती, हे त्यांना या कागदावरून कळेल. कार्डावरच्या फोटोत मी टाय लावला आहे. तेवढ्यावर समाधान मानावं.

२. मम्मीला खात्यात असेल नसेल ते सगळं, आणि सीझनच्या सर्वोत्तम धावपटूची ट्रॉफी, जिच्यात ती आधीपासूनच लाटणं आणि डाव ठेवते. माझ्या नावाने चर्चमध्ये मिस्सा सांगावी, पण लॉयडच्या (कलम ४ पाहावं) मम्मीला बोलवू नये.

३. बहीण बेव्हर्लीला प्लेस्टेशन. हे कलम तिने माझ्या खांद्यावरून वाचलं आणि म्हणाली, "इट्स अ नी, ट्रॉय. नोबडी डाइज ऑफ अ नी." त्यामुळे दोनपैकी एकच कंट्रोलर द्यावा.

४. आता मुख्य विषय. ज्यांना खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी : रनिंग बॅक म्हणजे चेंडू पोटाशी धरून समोरच्या माणसांच्या भिंतीत फट शोधत पळणारा. त्याच्या पुढे फुलबॅक धावतो. आडवा येईल त्याला अंगावर घ्यायचं आणि मागच्याला वाट करून द्यायची, एवढंच त्याचं काम. माझा फुलबॅक तीन सीझन एकच होता : लॉयड घोन्साल्विस, नंबर चव्वेचाळीस. त्याची पाठ मी त्याच्या आईपेक्षा जास्त पाहिली आहे.

आमची प्रॅक्टिस संध्याकाळची. शेजारच्या मशिदीत अजान सुरू झाली की कोच नूरुद्दीन हात वर करायचे आणि जो जिथे असेल तिथे थांबायचा. ते आणि आणखी चौघे कडेला नमाज पढायचे, आम्ही बाकीचे गुपचूप पाणी प्यायचो. तीन वर्षांत हे पायांत मुरलं.

एप्रिलमध्ये उम्म अल कुवैनच्या मैदानावर फायनल झाली. चेंडू माझ्या हातात आला आणि तेवढ्यात पलीकडून अजान सुरू झाली. रेफरीची शिट्टी नव्हती, खेळ चालू होता, आणि माझ्या पुढचा लॉयड जागच्या जागी उभा राहिला. सवय. त्याच्या बाजूने एवढंच लिहीन, वकिली इथे संपली. समोरच्या टीमला तसली सवय नव्हती. त्यांचा गडी मोकळ्या वाटेने थेट माझ्या गुडघ्यावर आला. अजान मीही ऐकली होती. मी थांबलो नाही, कारण मरिसा बघत होती.

५. मरिसा आमच्या खालच्या मजल्यावर राहते, दातांच्या क्लिनिकमध्ये रिसेप्शनला आहे, आणि बेव्हर्लीबरोबर प्रत्येक मॅचला यायची. उजव्या कडेला बसायची, म्हणून मी उजवीकडेच पळायचो. कोच वैतागायचे, "हबीबी, मैदान डावीकडे पण आहे. यल्ला, कधीतरी वापर." सगळ्या टीमला कळलं होतं. तिला सांगायचं तेवढं राहिलं. फायनल जिंकून सांगणार होतो.

त्या संध्याकाळी ती धावत मैदानात आली. गुडघा माझा फाटला, रडायला लॉयड लागला, आणि पाणी तिने त्याला दिलं.

जानेवारीत त्यांचं लग्न आहे. मरिसाला मी त्या मॅचचा व्हिडिओ ठेवून जात आहे. लग्नाच्या प्रत्येक वाढदिवसाला दोघांनी शेजारी बसून तो पूर्ण पाहावा, आवाज चालू ठेवून. मागच्या आठवड्यात लॉयड शवर्मा घेऊन आला आणि म्हणाला, "बेस्ट मॅन तूच रे. दुसरा कोण आहे मला?" मी म्हटलं, बघू. माझं उत्तर असं की ती जागा रिकामी ठेवावी आणि प्रत्येक फोटोत ती रिकामी दिसावी.

६. लॉयडला काही नाही. शेजारच्या मंजुषा काकू म्हणाल्या की मृत्युपत्राच्या साक्षीदाराला त्यातलं काही मिळू शकत नाही. म्हणून मुद्दाम त्यालाच साक्षीदार केलं आहे, म्हणजे वाचावंही लागेल.

७. मला वसईला पुरावं. घरापासून चर्चपर्यंत, क्रूसाच्या मागे आणि माझ्या पेटीच्या पुढे, लॉयडने एकट्याने चालावं. अंगात चव्वेचाळीस नंबरची जर्सी असावी. मागे वळून पाहू नये, रडू नये, आणि काहीही ऐकू आलं तरी थांबू नये. एकदा तरी वाट शेवटपर्यंत मोकळी करून द्यावी.

वरील सर्व मी स्वतः लिहिलं, वाचलं, आणि एक शब्दही मागे घेत नाही.

(सही) ट्रॉय वि. तुस्कानो
अल मनखूल, दुबई, १४ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार :
१) (सही) मंजुषा प्रधान. चहा पिऊन सही केली. मुलगा शुद्धीत आहे, उपाशी आहे.
२) (सही) लॉयड घोन्साल्विस. सातवं कलम मान्य. पण वसईपर्यंत मी थांबणार नाही. उद्या वॉर्डपासून थिएटरच्या दारापर्यंत स्ट्रेचरच्या पुढे चालतो. जर्सी धुवायला टाकली आहे.

शेरा : वरचं वाक्य साक्षीदाराने न विचारता घुसवलं आहे. मी ते खोडत नाही. पाचवं कलम कायम. सात वाजता ये, उशीर करू नकोस.
ट्रॉ. तु.