न धुतलेली पानं

१४ ऑक्टोबर
माझ्याबरोबर काम करणाऱ्या संपदाने वाळवून ठेवलेलं एक पान आज भिंगाखाली धरलं. बुरशीच्या डागांभोवती बारीक चिखल सुकून बसलेला. निरोगी पानं मात्र स्वच्छ.

रोगट पाणकणसात लोह दुप्पट, कॅल्शियमही जास्त – हा तिचा निष्कर्ष. खरड गावाच्या पलीकडे दलदलीत उतरून तिने ही पानं जमवली. आता तिला पलंगावरून उतरवत नाही. आता उपाय नाही म्हणून डॉक्टरांनी घरी पाठवलंय. पेपर मी पुरा करीन असं कबूल केलंय.

चिखलात लोह असतंच. मग आम्ही मोजलं काय?

१५ ऑक्टोबर
फोनवर तिलाच विचारलं. 'रोगट पानं कशी धुणार? बुरशी वाहून जाईल ना. निरोगी तेवढी धुतली.' मग, 'का गं?'

'सहज,' म्हणाले. सहज नव्हतं.

२० ऑक्टोबर
एकटीच जाऊन रोगट पानं आणली. भाताची कापणी चालू आहे, पानापानावर धूळ. अर्धी धुतली, अर्धी तशीच ठेवली. वाळली की भट्टीत राख करून त्यातलं लोह मोजायचं.

२५ ऑक्टोबर
धुतलेल्या रोगट पानांत लोह निरोगी पानांइतकंच. सगळा फरक पाण्याबरोबर गेला.

कॅल्शियम मोजायला यंत्रात जो लॅम्प लागतो तो दुसऱ्या विभागाने नेलाय, दिवाळीनंतर मिळेल. त्याचंही हेच होणार.

२७ ऑक्टोबर
सांगावं की नाही, रस्ताभर ठरत नव्हतं. दार वल्लरीने उघडलं. 'मौसी, आज मम्मा ने खुद चाय माँगी!' आईशी मराठीत बोलायला लाजणारी ही मुलगी, आज नुसती उजळली होती.

संपदा उशांना टेकून बसलेली. 'या मॅडम. छापून आलं का माझं लोह?'

सांगितलं. सगळं.

तिने विचारलं, 'आणि कॅल्शियम?'

'तेही मातीचंच असणार.'

'असणार, की आहे?'

'असणार गं. वेगळं काय निघेल?'

'बरं केलंस सांगितलंस,' म्हणाली. 'दुसऱ्या कुणी पकडलं असतं तर तुझीच अब्रू गेली असती, मी काय, सुटले असते.' हसलीसुद्धा. चहा मात्र तसाच राहिला. मग भिंतीकडे तोंड करून निजली.

नरेंद्र लिफ्टपर्यंत आला. बायकोसाठी त्याने एअर फोर्समधली बदली रद्द करून घेतली. कधी आवाज चढवत नाही, आजही नाही. 'आज नको होतं,' एवढंच.

२८ ऑक्टोबर
मी तिला खरं सांगितलं, की माझ्या मनावरचं ओझं तिच्या उशाशी ठेवून आले?

खोटं बोलायला नको होतं. पण गप्प बसता आलं असतं. गप्प बसणं हेही खोटंच, असं मी वर्गात मुलांना सांगते.

३० ऑक्टोबर
संपदा पहाटे गेली. वल्लरी मला बिलगली आणि मराठीत म्हणाली, 'त्या दिवसानंतर आई कामाचं काहीच बोलली नाही.'

४ नोव्हेंबर
लॅम्प मिळाला. धुतलेल्या रोगट पानांत कॅल्शियम निरोगी पानांच्या दीडपट. पुन्हा धुऊन, पुन्हा राख करून मोजलं. तेवढंच.

तिचं बरोबर होतं.