ढोलीतला लाल दरोडेखोर

ती. सासूबाईंना,

जावयाचा वाकून नमस्कार. गुडघे काय म्हणतात? (तुमच्या लेकीची प्रकृती मी विचारत नाही. मी विचारली की बिघडते, असा अनुभव आहे.) ती रुसून तुमच्याकडे आल्यापासून मला घर खायला उठतंय आणि ती परत येते की नाही या काळजीने घास उतरत नाही. तुम्ही तरी माझी बाजू ऐकून घ्या.

तुम्हाला ठाऊकच आहे, या बेटावर आमच्या लॉजच्या पाहुण्यांना सकाळी पक्षी दाखवायचं काम माझ्याकडे असतं. पिसांचा रंग दिसला की मी नाव सांगून मोकळा. छाती पिवळी तर हा, शेपटीला पांढरी कड तर तो; मग ब्रह्मदेव आला तरी मी बदलत नाही. तर परवा अंगणातल्या झाडाच्या ढोलीबाहेर एक हिरवा पोपट बसलेला, चोचीत फळ, चेहरा गरीब. आत बघतो तर एक लालभडक पोपट ठाण मांडून. मी पाहुण्यांना ठणकावून सांगितलं, ही जातच वेगळी, दुसऱ्याचं घर बळकावणारी. माझ्या अंगात परोपकार संचारला. पातेलं बडवून त्या लाल दरोडेखोराला मी हुसकावलं आणि हिरव्याला म्हटलं, जा बाबा, घर तुझं. तो हलेना. फळ धरून तसाच बसला. तेव्हा पाहुण्यांतल्या एक निवृत्त शिक्षिका हळूच म्हणाल्या, "अहो, ती त्याची बायको. यांच्यात नर हिरवा आणि मादी लाल."

मी पातेलं पाठीमागे लपवलं. बाई भल्या, हसल्या नाहीत. पण हिरवा संध्याकाळपर्यंत तिथेच होता, आणि खरं सांगतो आई, मला त्याच्याकडे बघवेना. गुपचूप ढोलीखाली पपई ठेवून आलो. त्याची ती अजून परतलेली नाही.

तुमचा,
जावई

ता. क. : भांडणाचं कारण तिने सांगितलं नसेल तर सांगतो. (सांगितलं असेल तर ती म्हणते तेच खरं.) तिने केस कापून घेतले, नवे कपडे घातले आणि हसत लॉजच्या दारात उभी राहिली. मी खोल्यांच्या किल्ल्या खुंट्यांना लावत होतो. मान वर करून म्हणालो, "माफ करा बाई, खोली शिल्लक नाही."

पुन्हा ता. क. : केस छान दिसतात, हे सांगायचं राहिलं. तेवढं तुम्ही सांगा. बोटीच्या वेळेला मी रोज धक्क्यावर जातो आणि उतरणाऱ्या प्रत्येक बाईचं सामान आधी हातात घेतो, ओळख मग पटवतो.